रेड म्हणजे बॅकअप नव्हे!

'रेड' हा शब्द हॉस्टेलमध्ये उच्चारला की त्याचा एकच अर्थ निघतो. रात्रीचे साडेअकरा, कॉरिडॉरमध्ये रेक्टर मॅडमच्या चपलांचा आवाज, आणि खोल्याखोल्यांतून इंडक्शन शेगडी आणि मॅगीचं पातेलं पलंगाखाली सरकवायची धावपळ! पण घाबरू नका, हा लेख त्या रेडवर नाही. हा लेख आहे हार्ड डिस्कच्या रेडवर. सिलॅबसमध्ये ती जेमतेम दोन पानांत येते, 'रेड लेव्हल्स आकृतीसह स्पष्ट करा' असा पाच मार्कांचा प्रश्न येतो, आपण चार डबे काढून त्यात ए, बी, सी, डी भरतो आणि विसरून जातो.

गंमत अशी की ही रेड आपल्या टेबलाखालच्या पीसीच्या मदरबोर्डमध्येही बहुतेक वेळा असतेच. बायोसमध्ये एक ऑप्शन बदलायचा अवकाश, की ती चालू! आणि ती चालू केल्यावर पुष्कळ जणांना वाटतं, आता आपला डेटा सेफ. तो खरंच सेफ होतो का, कधी होतो, आणि कधी उलट जास्त धोक्यात जातो, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

एक आधीच सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'पॅरिटी' आणि 'स्ट्राइप' यांना शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधत बसले तर हा लेख पुढच्या वर्षीच्या अंकात येईल. म्हणून लॅबमध्ये आपण जे शब्द बोलतो तेच इथे वापरते.

रेड आली कुठून?

१९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक पेपर लिहिला. (पॅटरसन म्हणजे तेच, ज्यांचं कॉम्प्युटर आर्किटेक्चरचं जाडजूड पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे.) त्या काळात मोठ्या कॉम्प्युटरला आयबीएम ३३८० सारखी डिस्क असायची. क्षमता ७५०० एमबी आणि आकार एखाद्या गोदरेजच्या कपाटाएवढा. दुसरीकडे पीसीसाठी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्क नुकत्याच येऊ लागल्या होत्या. या तिघांनी विचार केला, एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर?

वेग वाढेल हे उघड होतं. पण लगेच अडचण आली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर १०० डिस्कपैकी कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत बिघडणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाही! म्हणून त्यांनी म्हटलं की काही जास्तीची माहिती साठवून ठेवा, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम थांबणार नाही. या जास्तीच्या माहितीलाच 'रिडंडंट' म्हणतात, आणि रेडच्या नावातला 'आर' तो हाच. 'आय' म्हणजे मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह', स्वस्त. पुढे रेडच्या वस्तू विकणाऱ्यांना 'स्वस्त' हा शब्द फारसा परवडेना, म्हणून त्याचं 'इंडिपेंडंट' झालं.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की एक गोष्ट लक्षात यावी. रेडचा जन्म 'डिस्क बिघडली तरी मशीन बंद पडू नये' यासाठी झाला. डेटा चुकून पुसला गेला, व्हायरस आला, पीसी चोरीला गेला, या गोष्टी त्या पेपरचा विषयच नव्हत्या.

रेड ० : अर्धी जर्नल तुझी, अर्धी माझी

समजा दोन मैत्रिणींनी मिळून एक जर्नल लिहायला घेतली. विषम पानं एकीने लिहायची, सम पानं दुसरीने. काम अर्ध्या वेळात होणार! पण सबमिशनच्या दिवशी दुसरी गावाला निघून गेली आणि तिची पानं तिच्याबरोबर गेली, तर हातात उरलेल्या पानांचा उपयोग काय?

रेड ० म्हणजे नेमकं हेच. प्रत्येक फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे होतात, समजा १२८ केबीचे. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, तिसरा परत पहिल्यावर. याला स्ट्रायपिंग म्हणतात. दोन डिस्क एकाच वेळी काम करतात म्हणून मोठी फाइल वाचायला-लिहायला जवळजवळ दुप्पट वेग मिळतो, आणि १ टीबीच्या दोन डिस्क मिळून पूर्ण २ टीबी जागा मिळते. ऐकायला फार छान.

आता धोका बघा. समजा एक डिस्क वर्षभरात बिघडायची शक्यता ३ टक्के धरली. दोन डिस्कची रेड ० वाचायची तर दोन्ही वाचल्या पाहिजेत, म्हणजे ०.९७ गुणिले ०.९७, म्हणजे ०.९४०९. याचा अर्थ सगळं जाण्याची शक्यता ५.९ टक्के, जवळजवळ दुप्पट. चार डिस्क असतील तर ११.५ टक्के. वेग जसा वाढतो तसा धोकाही वाढतो. १९८८ च्या त्या पेपरमध्ये लेव्हल १ ते ५ च होत्या. ० हा आकडा नंतर आला. आणि तो बरोबरच आहे, कारण रिडंडन्सी शून्य!

गेल्या वर्षी आमच्या फायनल इयरच्या एका ग्रुपचं काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. प्रोजेक्ट होता सोयाबीनच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचा. पावसाळाभर दर रविवारी चौघं जण शेतात जाऊन चिखलात उभं राहून फोटो काढायचे. हजारो फोटो जमले, आणि कुठल्या पानावर कुठला रोग हे एका प्राध्यापकांकडून तपासून घेऊन त्यांना नावं दिली. सगळं एकाच पीसीवर. पीसी असेंबल करून देणाऱ्याने 'फास्ट चालेल' म्हणून दोन डिस्क रेड ० मध्ये लावून दिल्या होत्या, आणि चौघांची समजूत अशी की रेड आहे म्हणजे डेटा सुरक्षित आहे. फेब्रुवारीत एक डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि दोन दिवसांत गेली.

दुसरी डिस्क अगदी ठणठणीत होती. पण ३ एमबीच्या एका फोटोचे १२८ केबीचे २४ तुकडे होतात. त्यांतले १२ मेलेल्या डिस्कवर, १२ चांगल्या डिस्कवर. प्रत्येक फोटोचा अर्धा भाग, एक आड एक तुकडा, गायब! कोड वाचला, कारण तो एकाने गाइड सरांना मेल केला होता. फोटो गेले. आणि परत काढायचे तर सोयाबीन ऑक्टोबरातच निघालेलं. पुढचं पीक यायला पुढचा पावसाळा पाहिजे. शेवटी इंटरनेटवरच्या तयार फोटोंवर प्रोजेक्ट पूर्ण झाला, मार्कही ठीक पडले. पण चौघांचा सगळा पावसाळा गेला तो गेलाच.

रेड १ : कार्बन कॉपी

रेड १ सोपी आहे. जे पहिल्या डिस्कवर लिहिलं तेच त्याच क्षणी दुसऱ्यावर. याला मिररिंग म्हणतात, आरशासारखं. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं, आणि पीसी बंदही पडत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेची. १ टीबीच्या दोन डिस्क घेऊन वापरायला १ टीबीच मिळतो. दोन डिस्क लहानमोठ्या असतील तर लहान डिस्कएवढीच जागा.

वाचताना दोन्ही डिस्ककडून काम वाटून घेता येतं, त्यामुळे वाचनाचा वेग थोडा वाढू शकतो. लिहिताना मात्र नाही, कारण दोन्हीकडे लिहावंच लागतं. घरच्या मदरबोर्डवर रेड करायचीच असेल तर सगळ्यात साधी आणि भरवशाची हीच.

रेड ५ : मेसच्या हिशोबाची युक्ती

हा भाग मला सगळ्यात आवडतो. समजा तुम्ही तिघींनी चहाचा खर्च वहीत लिहिला: ४० रुपये, ६५ रुपये, आणि खाली बेरीज १०५. आता ६५ वर चहा सांडला आणि तो आकडा पुसला गेला. काही बिघडलं का? १०५ मधून ४० वजा करा, ६५ परत मिळाले. दुसऱ्या आकड्याची पूर्ण प्रत कुठेही नव्हती, तरी तो परत आला!

रेड ५ हेच करते, फक्त बेरजेऐवजी एक्सॉर वापरते. दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. पहिल्या डिस्कवर १०११ आहे, दुसरीवर ०११०. एक्सॉर केला की ११०१. ही पॅरिटी, ती तिसऱ्या डिस्कवर. आता दुसरी डिस्क गेली असं समजा. १०११ आणि ११०१ यांचा एक्सॉर करून बघा: ०११०. गेलेला डेटा हजर! वहीत करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, एकदा हाताने केलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक वेळी लिहिताना त्याच डिस्कवर ताण येतो. म्हणून रेड ५ मध्ये ती आळीपाळीने सगळ्या डिस्कवर फिरते. कमीत कमी तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत जाते. २ टीबीच्या तीन डिस्क असतील तर ४ टीबी जागा मिळते.

मग सगळे रेड ५ च का लावत नाहीत? तीन कारणं आहेत.

पहिलं, लिहायला ती हळू असते. एक छोटासा तुकडा बदलायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाची चार कामं! मोठ्या सर्व्हरमध्ये यासाठी वेगळं कार्ड, त्यावर स्वतःचा प्रोसेसर, मेमरी आणि बॅटरी असते. आपल्या मदरबोर्डवर यातलं काही नसतं.

दुसरं, लाइट जाणं. डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आधीच लाइट गेली, तर दोघांचा मेळ बसत नाही. याला 'राइट होल' म्हणतात. त्या वेळी काहीच कळत नाही. पुढे कधी एखादी डिस्क बिघडली आणि त्या चुकीच्या पॅरिटीवरून डेटा परत काढला की कचरा निघतो. ज्या पीसीला यूपीएस नाही त्यावर रेड ५ लावणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवून निघणं.

तिसरं कारण रीबिल्डचं. एक डिस्क गेली, नवी लावली, की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवीवर डेटा भरावा लागतो. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायची म्हटली तरी सव्वासात तासांहून जास्त लागतात, आणि मधे तुम्ही पीसी वापरत असाल तर आणखी. या काळात आणखी एक डिस्क गेली की सगळं संपलं. त्यातून साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १० चा १४ वा घात एवढे बिट वाचल्यावर फार तर एक बिट वाचता न येण्यासारखा निघू शकतो. एवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कची रेड ५ रीबिल्ड करताना १२ टीबी वाचावे लागतात! ही कागदावरची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क बहुतेक वेळा यापेक्षा चांगल्या वागतात. तरी डिस्क जशा मोठ्या होत गेल्या तशी रेड ५ मागे पडून दोन पॅरिटीची रेड ६ पुढे का आली, ते यावरून कळेल.

राहिली रेड १०. आधी दोन-दोन डिस्कच्या जोड्या करून मिरर, मग त्या जोड्यांवर स्ट्राइप. चार डिस्क लागतात, निम्मी जागा मिळते, वेग चांगला आणि पॅरिटीची कटकट नाही. पैसे असतील तर उत्तम!

मदरबोर्डवरची रेड नक्की कोण चालवतं?

२००० च्या आसपास घरच्या मदरबोर्डवर रेड दिसायला लागली. तेव्हाच्या अबिट केटी७-रेड सारख्या बोर्डवर हायपॉइंट कंपनीची वेगळी चिप लावलेली असायची. २००३ मध्ये इंटेलने आयसीएच५आर या चिपमध्ये साटा डिस्कसाठी रेडची सोय दिली, आणि २००५ च्या आयसीएच७आर मध्ये रेड ५ सुद्धा आली. इंटेलच्या या सोयीला आज रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी म्हणतात. एएमडीच्या बोर्डवर तिचं नाव रेडएक्सपर्ट.

बॉक्सवर 'रेड सपोर्ट' असं ठळक छापलेलं असतं, त्यामुळे वाटतं की आत काही खास हार्डवेअर आहे. तसं नसतं. बोर्डचं फर्मवेअर फक्त मशीन चालू होताना डिस्कवर लिहिलेल्या खुणा वाचतं, कुठल्या डिस्क एकत्र आहेत ते ओळखतं, आणि विंडोज सुरू होईपर्यंत काम चालवतं. त्यानंतर सगळं काम ड्रायव्हर करतो, म्हणजे शेवटी आपला सीपीयूच. म्हणून जाणकार लोक याला 'फेक रेड' म्हणतात. नाव थोडं कडक आहे, कारण रेड १ साठी ही सोय व्यवस्थित काम करते. पण तिचे काही स्वभाव माहीत असलेले बरे.

एक. बायोसमध्ये साटा मोड बदलायचा असतो, एएचसीआय ऐवजी रेड. विंडोज आधीच टाकलेलं असेल आणि नुसता मोड बदलला तर विंडोज बहुतेक निळा स्क्रीन दाखवून बसतं, कारण त्याच्याकडे रेडचा ड्रायव्हर चालू नसतो. नव्या इंटेल मशीनवर हाच प्रकार व्हीएमडी नावाने येतो. विंडोज टाकताना 'एकही डिस्क सापडली नाही' असं आलं तर डिस्क खराब आहे असं समजून दुकानात पळू नका. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच स्क्रीनवरून लोड करा.

दोन. नवीन अ‍ॅरे बनवताना त्या डिस्कवरचा डेटा उडतो. आधीच्या डिस्कला मिरर जोडायची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, पण तिच्या भरवशावर एकुलती एक प्रत ठेवू नये.

तीन, आणि हा सगळ्यात उपयोगी. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला, किंवा बायोस अपडेट केला, की सेटिंग मूळपदावर जातात. मोड रेडवरून एएचसीआयवर येतो आणि काल चालणारी रेड आज गायब! अशा वेळी घाबरून 'इनिशियलाइज करू का?' या प्रश्नाला 'यस' म्हटलं की खरं नुकसान होतं. काहीही न लिहिता, न फॉरमॅट मारता, आधी बायोसमध्ये जाऊन मोड परत रेड करा. बहुतेक वेळा अ‍ॅरे जशीच्या तशी परत येते, कारण खुणा डिस्कवर असतात, बोर्डमध्ये नाही.

चार. बोर्ड जळला तर? डिस्क चांगल्या असूनही त्या वाचायला त्याच जातीचा बोर्ड लागतो. इंटेलची अ‍ॅरे दुसऱ्या इंटेल बोर्डवर बहुतेक चालते, एएमडीवर नाही. लिनक्समधलं एमडीएडीएम हे टूल मात्र इंटेलच्या खुणा ओळखतं, त्यामुळे लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह जवळ असणं चांगलं.

पाच. डिस्क कुठली घेता ते बघा. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती बराच वेळ पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसते. तेवढ्यात रेडला वाटतं की डिस्क मेली, आणि ती चांगली डिस्क बाहेर काढून टाकते. नॅसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून 'हा सेक्टर वाचता येत नाही' असं सांगून मोकळ्या होतात. तसंच एसएमआर प्रकारच्या डिस्क रीबिल्डला फार वेळ लावतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड या मालिकेतल्या (इथे 'रेड' म्हणजे लाल!) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि त्यावर बराच गदारोळ झाला. घेताना मॉडेल नंबर बघून सीएमआर आहे का ते विचारा.

'डिग्रेडेड' दिसलं तर

मिररमधली एक डिस्क गेली की मशीन चालू होताना 'डिग्रेडेड' असा शब्द दिसतो. पुष्कळ जण तो महिनोन्महिने बघत बसतात, कारण पीसी चालतोय ना! पण त्या क्षणापासून तुमच्याकडे रेड नाही, एकच डिस्क आहे, आणि ती बहुतेक गेलेल्या डिस्कच्याच वयाची आणि त्याच बॅचची आहे.

तेव्हा आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर कॉपी करा. मग स्क्रीनवर गेलेल्या डिस्कचा सीरियल नंबर दिसतो तो कागदावर लिहून घ्या. मशीन बंद करून कॅबिनेट उघडा आणि डिस्कच्या स्टिकरवरचा नंबर जुळवूनच ती काढा. दोन डिस्क दिसायला सारख्या असतात, आणि चांगली काढून बिघडलेली आत ठेवण्याचा प्रकार होऊ शकतो. केबल सैल नाही ना, तेही बघा. नुसत्या केबलमुळेसुद्धा 'डिग्रेडेड' येतं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. आणि हे सगळं करायच्या आधीच, म्हणजे आजच, दोन्ही डिस्कवर १ आणि २ अशा चिठ्ठ्या चिकटवून ठेवा.

आता मुख्य मुद्दा

मिरर आरशासारखा आहे असं मी वर म्हटलं. आरशाची अडचण अशी, की आपण तोंडाला काजळ फासलं तर तोही फासलेलंच दाखवतो. फोल्डर चुकून डिलीट केलं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी डिलीट होतं. रॅन्समवेअर आलं, तर दोन्ही प्रती एकदम लॉक होतात. एसएमपीएस खराब होऊन जास्त व्होल्टेज गेलं, तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क जळू शकतात. पीसी चोरीला गेला तर चोर एक डिस्क ठेवून जात नाही!

१९९८ साली पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. कोणी तरी सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली आणि बघता बघता सिनेमातली पात्रं एकेक करून गायब व्हायला लागली. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता आणि ते कोणी तपासलं नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, आणि म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. बघा, एवढ्या मोठ्या स्टुडिओला तारलं ते दुसऱ्या घरात ठेवलेल्या एका साध्या प्रतीने.

फोटोग्राफर पीटर क्रोघ यांच्या लिखाणातून प्रसिद्ध झालेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी.

मग आपण करायचं काय?

नुसत्या वेगासाठी रेड ० लावायचे दिवस आता गेले. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे ते दोनशे एमबी देते, दोन मिळून फार तर चारशे. साटा एसएसडी एकटी साडेपाचशेच्या आसपास देते, आणि एनव्हीएमई एसएसडी पीसीआयई ३.० वर साडेतीन हजारापर्यंत जाते. शिवाय ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद घेते. दोन डिस्क लावल्या म्हणून ती काही लवकर फिरत नाही. विंडोज लवकर सुरू व्हायला हवं असेल तर एक एसएसडी घ्या, विषय संपला.

आणि सुरक्षिततेसाठी? तुमच्याकडे दुसरी डिस्क घेण्याइतके पैसे आहेत असं समजू. ती कॅबिनेटमध्ये बसवून मिरर करायची, की यूएसबी केसमध्ये घालून आठवड्यातून एकदा कॉपी करून कपाटात ठेवायची? माझं उत्तर स्पष्ट आहे: कपाटात. मिररचा उपयोग कॉलेजच्या सर्व्हरला, हॉस्पिटलला, दुकानाच्या बिलिंगला, जिथे मशीन तासभरसुद्धा बंद पडून चालत नाही. आपला पीसी एक दिवस बंद पडला तर आपण मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम करतो. आपल्याला बंद पडण्याची भीती नाही, डेटा जाण्याची आहे. सोयाबीनवाल्या ग्रुपची दुसरी डिस्क कपाटात असती तर त्यांचा फार तर एक आठवडा वाया गेला असता.

तिसरी प्रत दुसऱ्या जागी: क्लाउडवर, नाहीतर दिवाळीत घरी जाल तेव्हा घरच्या कपाटात. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा. न तपासलेला बॅकअप आणि न वाचलेलं नोट्सचं झेरॉक्स, दोन्ही सारखेच.

एक प्रॅक्टिकल, खर्च शून्य

वर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्सचं मशीन बनवा आणि त्याला १ जीबीच्या तीन खोट्या डिस्क जोडा. एमडीएडीएम वापरून रेड ५ बनवा, फॉरमॅट करा, त्यात काही फोटो टाका आणि त्यांचा एमडी५ आकडा लिहून घ्या. आता एका डिस्कला 'फॉल्टी' असं जाहीर करा. स्टेटसच्या फाइलमध्ये तीन 'यू' पैकी एकाच्या जागी आडवी रेघ दिसेल, पण फोटो उघडतील आणि आकडाही जुळेल. चौथी डिस्क जोडून रीबिल्डची टक्केवारी वाढताना बघा. मजा येते! सगळं व्यवस्थित झाल्यावर शेवटचा प्रयोग करा: फोटोंचं फोल्डर डिलीट करा. तिन्ही डिस्क ठणठणीत, रेड ठणठणीत, आणि फोटो नाहीत. या लेखाचं शीर्षक तिथे डोळ्यांनी दिसेल.

ओरलला विचारतात ते

५०० जीबी आणि १ टीबी यांची रेड १ केली तर जागा किती? ५०० जीबी.

त्याच दोघांची रेड ० केली तर? १ टीबी, कारण दोन्हीकडून लहान डिस्कएवढीच जागा घेतली जाते.

४ टीबीच्या चार डिस्कची रेड ५? १२ टीबी. त्याच चार डिस्कची रेड ६ किंवा रेड १०? दोन्हीत ८ टीबी. फरक एवढाच, की रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० मध्ये एक नक्की चालते, दुसरी चालेल की नाही हे ती कुठल्या जोडीतली आहे यावर. पहिली गेल्यावर उरलेल्या तीनपैकी एकच डिस्क घातक असते, ती म्हणजे तिची जोडीदार.

रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणाला किती ऑपरेशन? चार.

आणि शेवटचा, जो एक्स्टर्नल सर हसत हसत विचारतात: 'रेड आहे, मग बॅकअप कशाला?' याचं उत्तर आता तुम्हाला येतं. ते नुसतं ओरलमध्ये देऊ नका. फायनल इयरवाल्यांनो, आज रात्री मेसला जायच्या आधी प्रोजेक्टचं फोल्डर एका दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला लावून जा. जेवून याल तोपर्यंत झालेलं असेल.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)